सव्वादोनच्या मापाचं पिस्तूल

बशीरभाई सरखोत यांचा जगातल्या कुठल्याही स्प्रिंगवर विश्वास नव्हता. माणसांवर होता, अल्लावर तर होताच, पण स्प्रिंग म्हटली की ते मान हलवायचे. "थकली तरी ती सांगत नाय," म्हणायचे. बहारीनमध्ये एअर कंडिशनरचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. दिवसभर लोक त्यांच्या काउंटरवर मोडक्या वस्तू आणून आपटायचे आणि तशीच नवी मागायचे. वर्षानुवर्षं ज्याला फक्त बंद पडलेल्या वस्तू दिसतात, त्याला चालू वस्तूचा संशय येणारच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

मी त्याच कंपनीत अकाउंट्सला होतो. मनामात एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी सांगलीकडचा, बशीरभाई रायगडातल्या खाडीकाठचे आणि तिसरे अकोल्याचे हवालदार इंगळे. इंगळे फौजेत हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होते. पेन्शन घेऊन इकडे आले आणि आमच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन झाले. जयंतीला निळा शर्ट घालून ते ईसा टाउनला आपल्या लोकांच्या कार्यक्रमाला जायचे आणि येताना आम्हा दोघांसाठी डबा भरून खीर आणायचे. तिघांची मराठी तीन तऱ्हांची होती. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलून घरी आलं की ती ऐकताना पायातले बूट काढल्यासारखं वाटायचं.

चौथा मजला असूनही बशीरभाई लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. भर जूनमध्ये, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, तरी जिन्यानं. एकदा दुपारी वीज गेली आणि इंगळे लिफ्टमध्ये अडकले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. बशीरभाईंनी एका शब्दानं "मी सांगत नव्हतो?" म्हटलं नाही. बाहेर पायरीवर बसले आणि दाराच्या फटीला तोंड लावून बोलत राहिले. गावच्या खाडीत कुठला मासा कधी लागतो, त्यांच्या मामाच्या लग्नात बिर्याणी कशी कमी पडली, असलं काहीबाही. आतल्या माणसाला एकटं वाटू नये, एवढाच हेतू. इंगळे बाहेर आले ते वैतागूनच. "मी मस्त झोपलो होतो, या माणसानं मले झोपू नाही देलं," अशी तक्रार त्यांनी आठवडाभर केली. पण त्या दिवसापासून बशीरभाईंच्या हातातली एक पिशवी ते आपणहून घेऊ लागले आणि तेही जिन्यानं चढू लागले. मी मात्र लिफ्टनंच जायचो. कुणीतरी वर जाऊन चहा टाकायला हवाच ना.

बशीरभाईंची दुसरी खोड म्हणजे तीन कोटेशन. आमच्या कंपनीत काहीही विकत घ्यायचं तर तीन ठिकाणचे भाव मागवायचे, असा नियम होता. बशीरभाईंनी तो नियम संसाराला लावला. केस कुठे कापायचे, दात कुणाकडे काढायचा, आईच्या गुडघ्यांना कुठलं तेल पाठवायचं, सगळ्याला तीन माणसांचं मत. सर्दीची गोळी घ्यायची तरी आधी मला, मग इंगळ्यांना आणि मग खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या मल्याळी पोराला विचारायचे. तोवर सर्दी बरी झालेली असायची. मी थट्टा केली की म्हणायचे, "वेळेला चालला तो आपला, बाकी सगळा शो." त्यात माणसं, वस्तू, औषधं सगळं आलं.

त्यांच्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. खाडीला लागून असलेल्या त्यांच्या मोहल्ल्यात पुरुष असे नव्हतेच. होते ते म्हातारे नाहीतर शाळकरी. बाकी सगळे कुवेत, दुबई, बहारीन. प्रत्येक घरात फ्रीज होता, टेपरेकॉर्डर होता, कपाटात सोनं होतं आणि रात्री दाराला कडी लावणारी बाई होती. ही गोष्ट गावाला ठाऊक होती, तशी ज्यांना ठाऊक असू नये त्यांनाही ठाऊक होती. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास खाडीपलीकडच्या गावात एका कुवेतवाल्याचं घर दरोडेखोरांनी लुटलं. बाईला खांबाला बांधलं, म्हाताऱ्या सासऱ्याचा हात मोडला. बशीरभाईंना हे एका शुक्रवारी फोनवर कळलं. बूथमधून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता. घरी त्यांची बायको हलिमाभाभी, दोन लहान मुली आणि डोळ्यांनी अधू झालेली आई. घर मोहल्ल्याच्या टोकाला, पुढे खाजणाची दलदल.

त्या रात्री जेवताना ते म्हणाले की घरात हत्यार पाहिजे. मला वाटलं, कोयता म्हणतायत. ते पिस्तूल म्हणत होते.

आता आमच्यातला एक शस्त्रांचा कारागीर, तेव्हा पहिलं कोटेशन त्यांचंच. इंगळ्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की खिशात मावणारं पिस्तूल ही हौसेची वस्तू आहे, भरवशाची नाही. जितकं लहान तितके त्याचे नखरे जास्त. गोळी पुढे ढकलायला जागा कमी, स्प्रिंग आखूड आणि ताठ, धरायला दोन बोटं. मनगट जरा ढिलं पडलं की ते मध्येच अडकतं. त्यात आपल्याकडे तसलं जुनं विलायती पिस्तूल मिळणार आणि गोळ्या त्याच्याहून जुन्या. घ्यायचंच तर रिव्हॉल्व्हर घ्या, असं त्यांचं मत. एक गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची समोर येते. ओबडधोबड असतं, जड असतं, पण रुसत नाही.

दुसरं कोटेशन जुफैरच्या एका गोऱ्याचं. तिकडच्या नौदलाच्या तळावर मेकॅनिक असलेला हा अमेरिकन म्हातारा आमच्या काउंटरवर सामान घ्यायला यायचा. बशीरभाईंनी त्याला चहा पाजून विषय काढला. त्यानं सांगितलं की लहान पिस्तुलाला उत्तम पर्याय म्हणजे मोठं पिस्तूल, आणि आपल्याच विनोदावर तो खूप हसला. मग हसू आवरून त्यानं विचारलं की तुझ्या बायकोचा हात केवढा आहे. हत्यार हाताला बसलं पाहिजे, नाहीतर कितीही चांगलं असलं तरी फुकट.

तिसरं कोटेशन माझं. मी म्हटलं, कुत्रा पाळा. हे त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, हीच तर पंचाईत. घरात कुत्रा चालतो का, यावर त्यांनी पुन्हा तीन मौलवींची मतं घेतली. राखणीचा चालतो, पण अंगणात, असं ठरलं. कुत्रा आला. तो मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईच्या हातचं मासळीचं डोकं खाऊन इतका सुखी झाला की अनोळखी माणूस दिसला की आधी शेपटी हलवायचा. खरं तर मी मनापासून दुसरंच सांगितलं होतं. बायकामुलांना इकडे आणा. पण त्यांचा पगार फॅमिली व्हिसाला पुरेसा नव्हता. अरबाब म्हणजे आमचा मालक, जनाबियाला मोठ्या बंगल्यात राहणारा भला माणूस. तो दर वेळी छातीवर हात ठेवून "इंशाल्ला, बशीर, इंशाल्ला" म्हणायचा आणि बशीरभाई त्यावर मान तुकवून परत यायचे.

म्हणून पिस्तूल. लायसन हलिमाभाभींच्या नावावर काढायचं होतं. ते काढताना त्यांच्या भावाच्या नाकी नऊ आले. तालुका, जिल्हा, पोलिसांची चौकशी, सगळं पार पडून लायसन हातात पडलं, तेव्हा मुंबईच्या दुकानदारानं भावाला विचारलं, बाईंचा हात केवढा आहे. भावानं बहारीनला विचारलं. आणि इथे बशीरभाईंनी ती चूक केली, जी आखातातला माणूसच करू शकतो.

त्यांना बायकोचं माप ठाऊक होतं. दर सुट्टीला जाताना सोन्याच्या बाजारात उभं राहून ते बांगड्या घ्यायचे. माप सव्वादोन, लहान, लग्नात घेतलेलं तेच. सोनार विचारायच्या आत ते सांगायचे. तेच माप त्यांनी फोनवर सांगितलं. सव्वादोनच्या बांगडीचा हात. दुकानदारानं त्यावरून त्याच्याकडचं सगळ्यात चिमुकलं पिस्तूल काढून दिलं. तळहातात झाकलं जाईल असं, बायकांच्या पर्ससाठी कुणीतरी कधीकाळी केलेलं. इंगळ्यांनी कपाळावर हात मारला. "म्या काय सांगतलं होतं, अन् तुम्ही काय केलं," एवढंच ते म्हणाले. बशीरभाईंचं म्हणणं होतं की भाभींना रिव्हॉल्व्हरचा चाप ओढवला नसता. ती केवढीशी आहे, तुम्ही बघितली नाय.

त्या काळी त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका नवऱ्याला पत्र लिहीत नसत, कॅसेट पाठवत. स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर लावायचा आणि कामं करता करता बोलायचं. कुणी बहारीनला निघालं की त्याच्या सामानात पाच-पन्नास घरांच्या कॅसेटी असायच्या. बशीरभाई शुक्रवारी नमाजाहून आले की कॅसेट लावायचे आणि आम्ही दोघं उठून जाऊ लागलो की बसवून घ्यायचे. खासगी असं त्यात काही नसायचंच. भांड्यांचे आवाज, मुलींची भांडणं, म्हातारीचा खोकला आणि मध्येच भाभींचं "आयकतांव ना?" आम्ही तिघं चहा घेऊन त्या घरात तासभर राहून यायचो.

पिस्तूल घरी पोचल्यावर बशीरभाईंनी निरोप धाडला की ते उडवून बघा, आणि टेप चालू ठेवून उडवा. वस्तू तपासल्याशिवाय ते स्टोअरमध्ये घेत नसत, तर ही कशी घेतील? पोलीस पाटलाला सांगून, मागच्या वाडीत, मातीच्या बांधासमोर भाभींनी ते काम केलं. कॅसेट आमच्याकडे यायला तीन आठवडे लागले.

तो शुक्रवार मी विसरणार नाही. टेपमध्ये आधी वारा, मग कोंबड्या. मग भाभींचा आवाज, जरा घाबरलेला, जरा मजेत. त्यांनी मुलींना लांब उभं केलं. मग एक आवाज आला, आम्हाला वाटला होता त्यापेक्षा फुसका, फळी पडल्यासारखा. मुली ओरडल्या. दुसरा आवाज. बशीरभाई बोटं मोजत होते. मग नुसतं टक्. भाभी म्हणाल्या, "अडाकला." पुन्हा खटपट, पुन्हा टक्.

इंगळे ताडकन उठून टेपरेकॉर्डरपुढे गुडघ्यांवर बसले. "हात लांब ठेवा, वहिनी," ते टेपला म्हणाले. "तोंड मातीकडं ठेवा. आत पाहू नका. थांबा जरा." कधीकधी न उडालेली गोळी क्षणभर उशिरानं उडते, हे त्यांना ठाऊक होतं आणि भाभींना नव्हतं. टेपवर भाभींचं चाललं होतं की आत काय झालं ते बघते, इथे भोकात काहीतरी दिसतंय. बशीरभाईंनी "हलिमा" अशी हाक मारली. त्यांनी खरोखर हाक मारली, शेजारच्या खोलीत बायको असावी तशी. आणि खट् करून टेप थांबला. ती बाजू संपली होती.

जे व्हायचं ते तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलं होतं. आम्ही तिघं बापे माणसं एका पेटीभोवती बसून घडून गेलेल्या गोष्टीला थांब म्हणत होतो. मध्ये एका शुक्रवारी घरी फोन झाला होता, भाभी धडधाकट होत्या, हे सगळं बशीरभाईंना ठाऊक होतं. तरी त्यांच्या हातानं कॅसेट उलटवेना. शेवटी ती मी उलटवली. दुसऱ्या बाजूला भाभी स्वयंपाकघरात होत्या, तांदूळ निवडत होत्या. पिस्तूल त्यांनी तसंच कपाटावर ठेवून दिलं होतं, कारण कुकरची तिसरी शिटी झाली होती. बशीरभाई न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले.

पुढच्या कॅसेटबरोबर, इंगळ्यांनी हट्ट धरल्यामुळे, भाभींच्या हाताचा आकार आला. कागदावर हात ठेवून मुलीनं पेन्सिलीनं काढलेला. इंगळ्यांनी त्यावर आपला हात ठेवला. बोटं जवळजवळ बरोबरीची. मनगट बारीक होतं, तेवढं खरं, त्या बांगड्या भाभी साबण लावून चढवत असणार. पण पंजा रुंद, बोटं लांब आणि जाड. लाकूड फोडणाऱ्या, पाणी शेंदणाऱ्या बाईचा तो हात होता. रिव्हॉल्व्हरचा चाप त्या हातानं सहज ओढला असता. उलट ते चिमुकलं पिस्तूल धरायला त्या हाताला जागाच नव्हती, दोन बोटं हवेत राहत होती आणि म्हणून ते अडकत होतं. बशीरभाई तो कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लग्नाला चौदा वर्सा झाली. घरी मी राह्यलो किती, तर दोन वर्सा नाय."

पिस्तूल बदलून मिळेना. लायसनवर त्याचा नंबर चढला होता, आणि रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. बारा बोअरची बंदूक इंगळ्यांनीच सुचवली आणि त्यांनीच नाकारली. कडेवर पोर असलेल्या बाईनं दोन हातांची बंदूक कशी धरायची? तेवढ्यात आक्रीत घडलं. अरबाबचा इंशाल्ला खरा झाला. पगार वाढला, फॅमिली व्हिसा मंजूर झाला. बशीरभाईंनी त्या दिवशी चक्क पेढे वाटले. ईसा टाउनच्या शाळेत मुलींच्या प्रवेशाची चौकशी करून आले, तिथल्या बसच्या ब्रेकबद्दल तीन ड्रायव्हरांना विचारून आले. मी त्यांच्यासाठी फ्लॅट बघू लागलो, तळमजल्यावरचा.

आणि त्यांच्या आईनं नकार दिला. कबरीपाशी आलेलं माणूस समुद्र ओलांडत नसतं, असं तिचं म्हणणं. तुम्ही सगळी जा, मी राहते. डोळ्यांनी दिसत नाही, गुडघे वळत नाहीत, आणि मी राहते. बशीरभाईंनी फोनवर विनवण्या केल्या, रागावले, रडले. म्हातारी हलली नाही. मग भाभींनीच विषय संपवला, अम्मीला टाकून येणार नाही म्हणाल्या. व्हिसाची मुदत तशीच निघून गेली. कुणाला दोष द्यावा? मी अनेक रात्री याचा विचार केला आहे आणि मला कुणीही सापडलेलं नाही.

मग बशीरभाई हट्टाला पेटले. जगात एक तरी वस्तू चालेल अशी करून दाखवायचीच, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं. पिस्तूल मुंबईला पाठवलं. इंगळे फोनवरून तिथल्या मिस्त्रीशी बोलले. स्प्रिंग बदलली, गोळ्यांचं खोकं, म्हणजे मॅगझिन, नवं केलं, मुठीला लाकूड जोडून ती भाभींच्या हाताएवढी केली. इंगळ्यांनी कागदावरच्या त्या हाताची मापं मिस्त्रीला बोटाबोटानं सांगितली. गोळ्या ताज्या शोधल्या. त्यात जवळजवळ वर्ष गेलं. मग पुन्हा मातीचा बांध, पुन्हा टेप, आणि एका शुक्रवारी आम्ही पुन्हा चहा घेऊन बसलो.

सहा आवाज. एकापाठोपाठ एक, न अडखळता. भाभींनी पुन्हा भरलं. पुन्हा सहा. त्यानंतर मागून म्हातारीचा आवाज आला, की पुरे करा, कोंबड्या अंडी घालायच्या नाहीत. आम्ही तिघं मोठ्यानं हसलो. बशीरभाईंनी इंगळ्यांना मिठी मारली. इतक्या वर्षांत मी त्यांना एखाद्या वस्तूबद्दल "भरवशाची आहे" म्हणताना ऐकलं ते तेव्हाच. त्या संध्याकाळी ते आम्हाला जेवायला घेऊन गेले, आणि येताना माझ्याबरोबर लिफ्टनं वर आले.

त्यानंतरचा पावसाळा सरता सरता दरोडेखोर आले.

फोन आला तेव्हा आम्ही कामावर होतो. बशीरभाई अरबाबच्या केबिनमध्ये फोनवर उभे, आणि दाराशी मी आणि इंगळे. घरातली माणसं सुखरूप होती, हे आधी कळलं. पाच जण आले होते. मागचं दार फोडलं. कुत्रा बिचारा त्यांच्याही पायांत घोटाळला. भाभी उठल्या, पिस्तूल त्यांच्या हातात होतं, भरलेलं होतं. पण आवाज ऐकून म्हातारी उठून चाचपडत मध्ये येऊन उभी राहिली होती, कोण आहे रे म्हणत, आणि तिच्यामागे ते पाच जण. भाभींनी हात खाली घेतला. त्यांनी किल्ल्या दिल्या, सोनं दिलं. आणि दरोडेखोरांनी मागितलं म्हणून पिस्तूलही दिलं.

बशीरभाईंनी फक्त एकच विचारलं, की का नाही उडवलं, एवढं करून घेतलं होतं ना आपण. केबिनमध्ये इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "अडकणारा असता तर दाबून बघितला असता," भाभी म्हणाल्या. "चालणारा व्हता, म्हणून मना भ्याव वाटला."

त्या रात्री बशीरभाई नमाजाला बसले ते उठेचनात. मी पाणी घेऊन गेलो. मला वाटलं, माणसं वाचली म्हणून शुक्र अदा करतायत. तसं ते करत होतेच, पण थोड्या वेळानं त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. ते पिस्तूल आता रानात कुणाच्या तरी कमरेला आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुणाच्या घरात, दुसऱ्या कुणाच्या हलिमावर ते रोखलं जाईल. आणि ते चालेल. मी एवढं करून ते चालतं केलं. मी त्यांना काय सांगणार? घ्या, दुरुस्त करा, तपासा, हे सगळं तर आम्हीच म्हटलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. लायसनचं हत्यार गेलं म्हणून भाभींना ठाण्यावर पुनःपुन्हा बोलावू लागले, आंधळ्या सासूला पडवीत बसवून. आपणहून दिलं की हिसकावून नेलं, हाच प्रश्न रोज नव्यानं. सुट्टी मफी, म्हणजे मिळणार नाही, असं मॅनेजर म्हणाला. बशीरभाईंनी व्हिसा कॅन्सल करून घेतला. स्टोअरची किल्ली त्यांनी नव्या माणसाला देताना तीन वेळा कुलूप लावून, उघडून दाखवलं. पुढे ते परत आले नाहीत. दोन-चार वर्षं ईदला फोन यायचा, मग तोही थांबला. ते पिस्तूल सापडलं का, कुणावर चाललं का, मला आजही माहीत नाही. विचारायचं धैर्य मला झालं नाही आणि त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही.

विमानतळावर आम्ही दोघंच गेलो होतो. दोऱ्यांनी आवळलेलं एक खोकं आणि एक बॅग. बशीरभाई बऱ्याच वेळा निघायला वळले आणि परत आले. शेवटी त्यांनी इंगळ्यांचा दंड धरला.

"हवालदार, खरा सांगा," ते म्हणाले. "अडकेल ना तो?"

बारा आवाज इंगळ्यांनी माझ्याशेजारी बसून बोटांवर मोजले होते. ती स्प्रिंग त्यांनी निवडली होती, ती मूठ त्यांनी बसवून घेतली होती. आपल्या हातच्या कामाबद्दल वाकडा शब्द त्यांनी आजवर कुणाचा ऐकून घेतला नव्हता.

"अडकते, बशीरभाई," ते म्हणाले. "लहान पिस्तुलाचा काही भरोसा नसते."

बशीरभाईंनी त्यांचा दंड सोडला नाही. मग आतून फ्लाइटची घोषणा झाली, तेव्हा त्यांनी खोकं उचललं, "इंशाल्ला" म्हणाले आणि मागे न बघता आत गेले.